'आई रिटायर होतेय' तुम्ही कुणाबरोबर पाहिलंत?

अशोक पाटोळे यांचं हे नाटक ज्यांनी पाहिलंय, त्यांच्यासाठी हा धागा. नोकरदार माणूस निवृत्त होतो तशी मीही आता निवृत्त होतेय, असं घरातली आई एक दिवस जाहीर करते आणि त्या एका घोषणेवर अख्खं नाटक उभं राहतं. मराठीत भक्ती बर्वे, गुजराती 'बा रिटायर थाय छे'मध्ये पद्माराणी आणि हिंदीत जया बच्चन अशा तीन भाषांतल्या तीन आया प्रेक्षकांनी पाहिल्या. मला परीक्षण नकोय. शेजारच्या खुर्चीत कोण होतं, ते माणूस कुठे हसलं आणि घरी गेल्यावर काय झालं, ते आधी गावाचं नाव टाकून खाली प्रतिसादात लिहा. हौशी मंडळाचा प्रयोग असला तरी चालेल.

सुरुवात मी करते.

ठाणे. गडकरी रंगायतनला आईबाबांबरोबर पाहिलं. घरच्यांची तारांबळ उडाली की सगळं थिएटर हसायचं. आई मात्र त्या निवृत्तीच्या घोषणेलाच हसली, मोठ्यानं आणि एकटी. पुढच्या रांगेतल्या दोन बायकांनी वळून पाहिलं आणि मग त्याही हसायला लागल्या. मध्यंतरात बटाटेवडा खाताना ती बाबांना म्हणाली, "रिटायर होईल हो ती, पण पेन्शन कोण देणार?" बाबा काही बोलले नाहीत. घरी आल्यावर रात्रीचं दूध त्यांनी तापवलं आणि पुढेही तापवत राहिले. विनोदी नाटकात आपली आई कुठे हसते याकडे प्रत्येक मुलानं लक्ष द्यावं, असं मला तेव्हापासून अगदी मनापासून वाटतं.

दादर. आमची पिढी 'ती फुलराणी' पाहून भक्तीबाईंच्या प्रेमात पडलेली. १९७५ सालची ती अवखळ मंजुळा आता आई होऊन समोर उभी, हे पचवायला पहिली दहा मिनिटं गेली. नंतर फक्त आई दिसत राहिली. आवाज न चढवता हशा घ्यायची त्यांची ताकद मी पुन्हा क्वचितच पाहिली. १२ फेब्रुवारी २००१ ला द्रुतगती मार्गावरच्या अपघातात त्या गेल्याचं कळलं, तेव्हा मला फुलराणीच्या आधी ही आई आठवली.

घाटकोपर. मी मराठी, शेजार सगळा गुजराती. समोरच्या बांनी मला गुजराती प्रयोगाला ओढूनच नेलं. तिथे कुटुंबंच्या कुटुंबं येतात, एक रांग म्हणजे एक घर. आमच्या पुढच्या रांगेत सासू-सून शेजारी शेजारी बसल्या होत्या. सून हसण्याआधी सासूकडे बघायची. सासू हसली की मग हिचं हसू फुटायचं. दुसऱ्या अंकात कधीतरी ते बघणं थांबलं. मला नाटकाइतकंच ते आवडलं.

कोल्हापूर. आमच्या कॉलनीत गणपतीत बसवलं होतं, आणि आईचं काम माझ्याच आईनं केलं. महिनाभर तालमी. संध्याकाळी सातला ती वही घेऊन बाहेर पडायची आणि आम्ही दोघं भाऊ नि पप्पा कुकरच्या शिट्ट्या मोजत बसायचो. पप्पा भाकरी थापायला शिकले ते तेव्हा. तालमीत तिचं पाठांतर चोख, पण ते रिटायर व्हायचं वाक्य आलं की आवाज खाली जायचा. दिग्दर्शक काका म्हणायचे, "वैनी, मागच्या बाकापर्यंत जायला पाहिजे!" प्रयोगाच्या रात्री तिनं ते वाक्य असं ठणकावून टाकलं की मांडव गप्प. मग मागून एक मावशी ओरडल्या, "व्हा वैनी, खुशाल व्हा!" त्यानंतर टाळ्या काही थांबेनात. आई विंगेकडे न बघता तशीच उभी राहिली आणि टाळ्या पूर्ण संपू दिल्या. एवढं थांबायला तिला कुणी शिकवलं नव्हतं. व्यावसायिक प्रयोगात हे मिळत नाही, कारण इथं प्रेक्षकाला त्या बाईचं खरं स्वयंपाकघर माहीत असतं.

नागपूर. मला फारसं हसू आलं नाही, तेही लिहितो. माझी आई बँकेतून निवृत्त झाली. शाल, श्रीफळ, भाषणं, ग्रुप फोटो, सगळं रीतसर झालं. दुसऱ्या दिवशी पाच वाजता तिचा गजर वाजला, रोजच्यासारखा. नाटकात हशा इतका मोठा होता की आम्ही पुरुष मंडळी त्याच्या आडून अलगद सुटलो, असं मला वाटतं. नाटक चांगलं आहे, अभिनय उत्तम. पण निघताना पार्किंगमध्ये सगळे नटांबद्दल बोलत होते, घराबद्दल कुणीच नाही.

पुणे. मी दीड वर्षाच्या लेकीला घेऊन एका हौशी संस्थेच्या प्रयोगाला गेले होते. ती कुरकुरायला लागली तशी दारापाशी येऊन उभी राहिले आणि अर्धं नाटक तिथूनच पाहिलं. डोअरकीपर काकांनी न बोलता स्टूल आणून दिलं. आईपणावरचं नाटक बघायला लहान मुलांच्या आयाच पोचू शकत नाहीत, हे मला फार लागतं. निर्मात्यांनी दुपारचे प्रयोग लावावेत, बाळ रडलं तर चालेल असं जाहिरातीतच छापावं. मी नक्की येईन, मैत्रिणींनाही आणेन.

न्यू जर्सी. माझ्या बाळंतपणाला आई सहा महिने आली होती, तेव्हा दोघींनी रेकॉर्डिंग पाहिलं, तेही तुकड्या-तुकड्यांत, बाळ झोपेल तसं. ती हसत होती आणि हातानं दुपट्यांच्या घड्या घालत होती. मी तिच्या हातातलं दुपटं काढून घेतलं. "अगं, हात रिकामे राहिले की मला नाटक कळत नाही," म्हणाली.

नाशिक. आमच्या महिला मंडळाला हे बसवायचंय. परवानगी कशी घ्यायची?

धागाकर्ती. जरूर बसवा! पाटोळे आता नाहीत, त्यामुळे त्यांच्या वारसांची किंवा ज्यांच्याकडे हक्क आहेत त्यांची लेखी परवानगी आधी घ्या. छापील पुस्तकाच्या सुरुवातीला प्रयोगाच्या हक्कांबद्दल बहुधा लिहिलेलं असतं. नाटकाची संहिता तपासणाऱ्या सरकारी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाच्या प्रमाणपत्राचंही पाहून ठेवा, नाट्यगृह बुक करताना विचारतात. आणि आईच्या भूमिकेसाठी मंडळातली सगळ्यात कमी बोलणारी बाई एकदा वाचून बघा.