स्वतंत्र सर्जनशील लेखन प्रकल्प : यात ‘संशोधन’ नेमके कोणते?

अर्धविराम (प्रश्न)
पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या शेवटच्या सत्रात मला स्वतंत्र प्रकल्प करण्याची मुभा मिळाली आहे. स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीच्या तोंडून सांगितलेल्या चार परस्परसंबद्ध कथा आणि त्यांच्या जोडीला एक चिकित्सक निबंध, असा आराखडा मी दिला होता. मार्गदर्शकांना कथांची कल्पना आवडली. परंतु ‘यात संशोधन कोणते?’ असे विचारून त्यांनी प्रस्ताव परत केला. विषयाचे भरपूर वाचन करून कथा लिहिल्या, तर ते संशोधन ठरत नाही का? शिवाय निबंधात स्वतःच्याच कथांचे रसग्रहण करणे मला अवघड वाटते. रुग्णांच्या कुटुंबीयांच्या मुलाखती घ्याव्यात का, हेही कृपया सांगावे.

तळटीप
मार्गदर्शकांची शंका रास्त आहे. स्मृतिभ्रंश हा आपल्या कथांचा विषय झाला, शोधप्रश्न नव्हे. आणि विषयाची माहिती करून घेण्यासाठीचे वाचन तर कोणताही जबाबदार कथालेखक करतोच. प्रकल्पाला संशोधन म्हणायचे असेल, तर लिहून पाहिल्याखेरीज ज्याचे उत्तर मिळणार नाही असा प्रश्न हवा. उदाहरणार्थ, निवेदकालाच घटनांचा क्रम आठवत नसेल, तर वाचकाने तो कोणत्या खुणांवरून लावावा? अमेरिकी समीक्षक वेन बूथ यांनी १९६१ मध्ये मांडलेली अविश्वसनीय निवेदकाची, म्हणजे ज्याच्या सांगण्यावर वाचकाला पूर्ण विसंबता येत नाही अशा निवेदकाची, संकल्पना येथे उपयोगी पडेल, पण पुरी पडणार नाही. त्यांच्या मांडणीत निवेदकाची मूल्ये आणि संहितेतून जाणवणाऱ्या गर्भित लेखकाची मूल्ये यांच्यातील अंतराला महत्त्व आहे. आपला निवेदक मात्र प्रामाणिकपणे बोलतो आणि तरीही चुकतो. आपला प्रश्न बहुधा याच फटीत सापडेल.

त्यासाठी एकच प्रसंग प्रथमपुरुषी भूतकाळात, मग वर्तमानकाळात आणि नंतर त्याच पात्राच्या जाणिवेपुरत्या मर्यादित तृतीयपुरुषी निवेदनात लिहून पाहावा. सर्व खर्डे तारखेसह जपून ठेवावेत. निबंध त्यांवरच उभा राहतो, कारण त्यात रसग्रहण नव्हे, तर कोणता पर्याय का स्वीकारला, कोणता का सोडला आणि इतर लेखकांनी हाच पेच कसा सोडवला, याची चर्चा अपेक्षित असते. कथा चांगली उतरली की नाही, ते परीक्षक पाहतील.

काठावरचा वाचक
तळटीप यांच्याशी मी बराचसा सहमत आहे. मात्र प्रश्न फार लवकर पक्का केला, तर कथा प्रश्नाचे प्रात्यक्षिक होऊन बसते, आणि तशा कथा वाचवत नाहीत. म्हणून प्रस्तावातील प्रश्न तात्पुरता मानावा आणि तो कसा बदलत गेला, हेही निबंधात नोंदवावे. ललित कृती प्रबंध म्हणून सादर करण्याची प्रथा काही नवी नाही. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाने १९२२ मध्येच उच्च पदवीसाठी तशी तरतूद केली होती, तर ब्रिटनमध्ये ईस्ट अँग्लिया विद्यापीठाचा सर्जनशील लेखनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम १९७० मध्ये सुरू झाला. ब्रिटिश कलाशिक्षणतज्ज्ञ ख्रिस्तोफर फ्रेलिंग यांनी १९९३ मध्ये कला व अभिकल्पाच्या (डिझाइनच्या) संदर्भात कलेविषयीचे, कलेच्या माध्यमातून होणारे आणि कलेसाठीचे असे संशोधनाचे तीन प्रकार मांडले. आपले वाचन तिसऱ्या प्रकारात बसते. मार्गदर्शक बहुधा दुसऱ्याची अपेक्षा करीत आहेत.

पुरवणी
मुलाखतींविषयी एवढेच सांगतो, की आधी विभागाकडे नैतिकता समितीच्या मंजुरीची चौकशी करावी. मंजुरी आवश्यक असेल, तर ती मुलाखतीपूर्वीच घ्यावी लागते. रुग्णाची संमती ग्राह्य धरावी का, हा प्रश्न या विषयात विशेष अवघड आहे. कुटुंबीयांशी बोलतानाही रुग्णाचे खासगी आयुष्य उघडे पडतेच. निवेदनतंत्र हाच प्रकल्पाचा गाभा ठरणार असेल, तर प्रकाशित आत्मकथनांवर काम भागू शकेल.

अर्धविराम
सर्वांचे आभार. मुलाखतींचा विचार सोडला आहे. सुधारित प्रश्न असा : निवेदकाला स्वतःच्या विस्मरणाची जाणीव नसताना, केवळ पुनरुक्ती आणि क्रियापदांचे काळ यांच्या आधारे वाचकाला ती करून देता येते का?

तळटीप
हा प्रश्न तपासता येण्याजोगा आहे. मात्र त्यासाठी चार कथा मला जास्त वाटतात. दोनच घ्याव्यात, म्हणजे पुनर्लेखनाला वेळ उरेल. कथा आणि निबंध यांच्या शब्दसंख्येचे प्रमाण मार्गदर्शकांकडून आताच लेखी घ्यावे.