नीलकंठशास्त्री गोरे : बाटण्याआधीचं पुस्तक

काशीचे पंडित नीलकंठशास्त्री गोरे ख्रिस्ती झाले, त्याबद्दल 'शास्त्रं धड वाचली नाहीत म्हणूनच बाटले', 'नोकरीच्या लोभाने बाटले' असं म्हटलं जातं. ते मला पटत नाही. उलट गोष्ट आहे. जॉन म्यूर या स्कॉटिश संस्कृत पंडिताने १८३९ साली ख्रिस्ती धर्माची बाजू मांडणारा 'मतपरीक्षा' हा संस्कृत ग्रंथ लिहिला. गुरुशिष्यांचा संवाद, तोही श्लोकांत, म्हणजे पंडितांना त्यांच्याच भाषेत गाठायचा बेत. त्याला उत्तरं देणाऱ्यांत काशीचा विशीतला चित्पावन पोरगा, म्हणजे हेच गोरे, होता. त्याचा 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' १८४४-४५ चा. त्यातला मुद्दा आजही बोचरा वाटतो: पूर्वजन्म नाकारलात, तर एखादं मूल जन्मतःच दुःखी का, याचं उत्तर काय? मग तुमचा देव न्यायी कसा?

आणि १८४८ मध्ये याच माणसाने जौनपूरला बाप्तिस्मा घेतला! पुढे अँग्लिकन धर्मगुरू झाल्यावर पंडिता रमाबाईंच्या धर्मांतरामागेही त्यांचं लेखन होतं, हे बाईंनीच सांगितलंय. १८६० च्या हिंदी 'षड्दर्शन दर्पणा'त त्यांनी सांख्य, न्याय, वेदान्त या हिंदू दर्शनांना, सगळ्यांनाच, धारेवर धरलंय. वेदान्त्यांचं पारमार्थिक (अंतिम), व्यावहारिक (रोजच्या व्यवहारातलं), प्रातिभासिक (नुसतं भासणारं) असं अस्तित्वाचं त्रिकूट ते ज्या चिकाटीने सोलतात, ते घरचाच माणूस करू जाणे. निष्कर्ष मला मान्य नाहीत, पण 'अभ्यास नव्हता' म्हणणं म्हणजे फारच झालं. नोकरीच्या लोभाचा आरोप करायचा तर निदान हे दोन्ही ग्रंथ समोरासमोर ठेवून करा.