एकच गाणं, दोन बँड: कुणाचं व्हर्जन वाजवायचं?

उपवन_बेस:
लोकहो, जरा मत हवंय. आम्ही चौघं ठाण्याचे, बेस, ड्रम्स, कीबोर्ड आणि एकच गिटार, आणि गिटारवालाच गातो. वागळे इस्टेटला एक जॅमरूम आहे तिथे तासावर भाड्याने वाजवतो, आणि निघताना गेटवर दरवेळी तोच वाद, रॉकच्या गिटारवाल्यांत जिमी पेज मोठा की एरिक क्लॅप्टन, जिमी हेंड्रिक्सपुढे जेफ बेक टिकतो का. हा वाद कधी सुटतच नाही कारण एकजण पेजचं 'सिन्स आय हॅव बीन लव्हिंग यू' काढतो आणि दुसरा क्लॅप्टनचं 'लायला', आता या दोघांची तुलना करायची तरी कशी? म्हणून मी म्हटलं की दोघांनीही वाजवलेलं एकच गाणं घ्या, मग चाल तीच, शब्द तेच, जो फरक उरेल तो त्या माणसाच्या हाताचा. सगळ्यांना पटलं आणि पुढच्या गिगचा, म्हणजे कार्यक्रमाचा, अख्खा सेटच अशा गाण्यांचा करायचं ठरलंय.
आत्तापर्यंत 'यू शूक मी', 'लिटल विंग', 'ऑल अलाँग द वॉचटॉवर' आणि 'व्हिस्की इन द जार' एवढी आहेत. अडलंय ते 'लिटल विंग'वर, हेंड्रिक्सचं घ्यायचं की ब्लूज गिटारवाल्या स्टीव्ही रे व्हॉनचं? आणि या यादीत आमच्या कीबोर्डवाल्याला फारसं काही करायला नाही, त्याच्यासाठी पण एखादं सुचवा.

रंगभवनवाला:
मित्रा, सेटची कल्पना एकदम आवडली. आम्ही ठाण्याहून लोकल पकडून धोबीतलावला रंगभवनात आय-रॉक हा रॉक महोत्सव ऐकायला जायचो तेव्हा परतीच्या गाडीत हेच वाद घालायचो आणि मुलुंड आलं तरी संपायचे नाहीत.
'यू शूक मी' तुमच्या वादासाठी सगळ्यात चोख गाणं आहे. मूळ ब्लूज गायक मडी वॉटर्सचं, १९६२ चं, आणि तेही अर्ल हूकरच्या आधीच रेकॉर्ड झालेल्या स्लाइड गिटारच्या (तारांवर नळी सरकवत वाजवलेल्या) ट्रॅकवर मडीने वरून गायलेलं. मग जेफ बेकने १९६८ मध्ये 'ट्रुथ' अल्बमवर घेतलं आणि काही महिन्यांत, जानेवारी १९६९ ला, पेजच्या बँडच्या, लेड झेपेलिनच्या, पहिल्या अल्बमवर तेच गाणं आलं. गंमत म्हणजे झेपेलिनचा बेस-कीबोर्डवाला जॉन पॉल जोन्स दोन्हीकडे आहे, बेकच्या रेकॉर्डवर पण ऑर्गन त्याचाच! बेक अडीच मिनिटांत संपवतो, गायक रॉड स्टुअर्टच्या प्रत्येक ओळीच्या शेपटीला गिटार चावते, म्हणजे शब्दशः चावते, एकही नोट सरळ येत नाही. पेज तेच गाणं साडेसहा मिनिटांच्या आसपास नेतो. आधी स्लाइड आणि गायक प्लांटचा आवाज एकाच ओळीवर चिकटून चालतात, मग ऑर्गन, मग माउथ ऑर्गन, मग गिटार, आणि शेवटी गळा आणि गिटारची ती सवाल-जवाबाची जुगलबंदी. माझं मत विचाराल तर गिटारिस्ट म्हणून बेक वरचढ, पण चार माणसांना एका गाण्यात जागा कशी करून द्यायची ते पेजला कळलं. तुमच्या कीबोर्डवाल्याला इथेच अख्खा सोलो मिळतोय की, अजून काय पाहिजे.

वाशी_स्ट्रॅट:
'लिटल विंग'बद्दल मी बोलतो, हे गाणं माझ्या फार जवळचं आहे. हेंड्रिक्सचं, १९६७ च्या 'ॲक्सिस: बोल्ड ॲज लव्ह'वरचं, अडीच मिनिटांचंसुद्धा नाही आणि सोलो रंगात येतोय तोच आवाज मंदावत जातो. दरवेळी वाटतं अजून थोडं हवं होतं. स्टीव्ही रे ने तेच "अजून थोडं" वाजवलंय, जवळपास सात मिनिटं, एक शब्द न गाता. रेकॉर्डिंग १९८४ चं पण बाहेर आलं १९९१ ला, तो गेल्यानंतर. तुमचा गिटारवाला गातो ना, मग हेंड्रिक्सचंच घ्या, आणि शेवटी जिथे रेकॉर्ड संपतं तिथून पुढे त्याला मोकळं सोडा. फक्त गिटार आणि बेस दोन्ही अर्धा सूर खाली लावा, दोघांचंही तसंच आहे. आणि अंगठा वरून आणून बेसची नोट दाबायची सवय नसेल तर ती आधी करून घ्या, त्याशिवाय त्या कॉर्डमधली मधली कलाकुसर बोटांना जमतच नाही, बाकी टॅब (कुठली तार कुठे दाबायची ते लिहिलेलं) कितीही बघा.
क्लॅप्टनचं पण आहे, त्याच्या डेरेक अँड द डॉमिनोज या बँडमध्ये. सप्टेंबर १९७० ला रेकॉर्ड केलं आणि थोड्याच दिवसांत हेंड्रिक्स गेला, त्याला ते ऐकायलाही मिळालं नाही. त्यात क्लॅप्टन आणि दुसरा गिटारवाला ड्वेन ऑलमन दोघं मिळून सुरुवातीलाच एवढी मोठी भिंत उभी करतात की एका गिटारवर ते होणार नाही, उगाच त्याच्या मागे लागू नका.

ऐरोली_ऑर्गन:
मला ही कसोटी अर्धीच पटते. ब्लूजमधून आलेल्या लोकांना ती लागू पडते, पण ब्लॅक सबाथचा टोनी आयोमी किंवा पिंक फ्लॉइडचा गिल्मोर, यांचं काय? त्यांचं मोठेपण त्यांनी स्वतः रचलेल्या गोष्टींत आहे, दुसऱ्याच्या गाण्यावर त्यांना तोलून हाती काय लागणार? आयोमीचे रिफ (पुन्हा पुन्हा येणारे गिटारचे छोटे तुकडे) नसते तर हेवी मेटल आज आहे तसं नसतं, ते दुसऱ्याच्या गाण्याच्या कुठल्या कव्हरमध्ये दिसणार?
असो, कीबोर्डसाठी 'हश' डोळे मिटून घ्या. बिली जो रॉयलचं १९६७ चं गाणं, डीप पर्पलने १९६८ ला घेतलं आणि जॉन लॉर्डच्या हॅमंड ऑर्गनने ते पूर्ण ताब्यात घेतलं, गिटारवर ब्लॅकमोर असूनसुद्धा. त्याच अल्बमवर 'हे जो' आहे, सात मिनिटांच्या वर. हेंड्रिक्सचं १९६६ चं 'हे जो' आणि हे एकापाठोपाठ ऐका, एकाने गाणं सोलून गाभा ठेवलाय आणि दुसऱ्याने त्यावर इमला चढवलाय. मला इथे हेंड्रिक्स आवडतो आणि हे मी पर्पलचा भक्त असून सांगतोय.

उपवन_बेस:
रंगभवनवाला दादा, वाशी_स्ट्रॅट, खूप आभार. ऐरोली, आयोमीबद्दल तुझं खरं आहे, ही कसोटी सगळ्यांना नाही लावता येणार. 'हश' नक्की आणि 'यू शूक मी' झेपेलिनचं. 'वॉचटॉवर'चं काय करू? मूळ बॉब डिलनचं साधं, हेंड्रिक्सचं डोक्याबाहेरचं.

वाशी_स्ट्रॅट:
हेंड्रिक्सचंच, त्यात वाद नको. डिलनचा अल्बम डिसेंबर १९६७ ला आला आणि हेंड्रिक्स जानेवारीत स्टुडिओत ते गाणं घेऊन बसला सुद्धा, आणि पुढे खुद्द डिलन स्टेजवर त्याच्या वळणाने वाजवायला लागला. सोलो चार तुकड्यांत बसवा, आधी साधा, मग स्लाइड, मग वाह-वाह (पायाच्या पेडलने आवाज 'वाव-वाव' करायचा), मग कॉर्डवरचा रिदम, म्हणजे गिटारवाल्याला डोक्याबाहेरचं वाटणार नाही. त्याच्याकडे वाह पेडल नसेल तर माझं घेऊन जा, मी वाशीला असतो, ट्रान्स हार्बर लोकलने सरळ येता येईल. आणि तू बेसवाला आहेस म्हणून सांगतो, त्या रेकॉर्डवर बेस पण हेंड्रिक्सनेच वाजवलाय, ती ओळ नीट बसव, अजिबात सोपी करू नकोस.

रंगभवनवाला:
'व्हिस्की इन द जार' थिन लिझीचं घ्या, १९७२ चं. मेटालिकाचं १९९८ चं दमदार आहे, त्याला ग्रॅमी पण मिळालं, पण मूळ लोकगीतावर ती गिटारची ओळ बसवली थिन लिझीच्या एरिक बेलने आणि मेटालिकाने पण तीच ठेवली. गिग कुठे आणि कधी ते इथेच टाका, मी येतो.