चालायला लागलो आणि टाच दुखू लागली

प्रश्न (जळगाव)
दिवाळीनंतर मी मेहरूण तलावाच्या कडेने रोज सकाळी चालण्याचा नेम धरला. वय 47, काम दिवसभर खुर्चीत बसून. हुरूप असल्यामुळे पहिल्याच दिवशी पाच किलोमीटर चाललो आणि पुढचे बारा दिवस एकही खाडा केला नाही. आता सकाळी अंथरुणातून उठून पहिले पाऊल टेकले की डाव्या टाचेत खिळा रुतल्यासारखी कळ येते. पंधरा-वीस पावलांनंतर ती ओसरते आणि दुपारी खुर्चीतून उठताना पुन्हा येते. बूट मुलाचे जुने आहेत. काही दिवस थांबून पुन्हा सुरुवात करायची आहे, तेव्हा काय काळजी घ्यावी?

उत्तर (फिजिओथेरपिस्ट, धुळे)
तपासल्याशिवाय खात्री देता येत नाही, परंतु हे लक्षण बहुधा प्लान्टर फॅशियाचे आहे. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत गेलेला हा चिवट पट्टा पायाची कमान धरून ठेवतो आणि रात्रभर आखडलेला असल्यामुळे पहिल्याच पावलाला एकदम ताणला जातो. आपण खाडा केला नाही याचे आपल्याला समाधान वाटत असेल. मला मात्र खरी चूक तिथेच दिसते, कारण दम काही आठवड्यांत वाढतो, पण कंडरा आणि हाडे सरावायला त्याहून बराच अधिक काळ लागतो. पुन्हा सुरू करताना एक दिवसाआड पंधरा मिनिटे चालावे आणि दर आठवड्याला दोन-तीन मिनिटेच वाढवावीत. पोटरी आखडलेली असली तरी टाचेवरचा ताण वाढतो, म्हणून भिंतीला हात टेकून, मागचा गुडघा सरळ आणि टाच जमिनीला चिकटलेली ठेवून 30 सेकंद पोटरी ताणावी, असे तीनदा करावे. पलंगावरून उतरण्यापूर्वी पायाची बोटे हाताने स्वतःकडे ओढून धरली, तर पहिले पाऊल सुसह्य होते.

उत्तर (अमळनेर)
चैत्रात सप्तशृंगी गडावर पायी जाणाऱ्यांपैकी मी एक. आदल्या दिवशी नवे बूट घेणारा गडी दुसऱ्या मुक्कामाला हमखास टेम्पोत बसलेला दिसतो. बूट संध्याकाळी घ्यावेत, कारण दिवसभरात पाय थोडे फुगतात. सर्वांत लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहावी आणि टाच मात्र आत हलू नये. दुसऱ्याचे बूट त्याच्या चालीने झिजलेले असतात. आपला जोड टेबलावर ठेवून मागून पाहावा.

उत्तर (भुसावळ)
मधुमेह असल्यास तळव्याची जाणीव कमी झालेली असू शकते आणि फोड आल्याचेही कळत नाही, म्हणून रोज रात्री तळवे पाहावेत. पावलावर एकाच ठिकाणी बोटाने दाबल्यावर ठणका लागत असेल, सूज असेल आणि चालताना वेदना वाढतच जात असेल, तर हाडाला बारीक तडा गेलेला असू शकतो. अशा वेळी व्यायाम करत न बसता अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे.

प्रश्नकर्ता
मधुमेह नाही. बूट टेबलावर ठेवून पाहिले, तर डाव्याची टाच बाहेरच्या अंगाला इतकी झिजली आहे की तो बूट उभा न राहता कलतो. हा जोड मुलाने भंगारवाल्यासाठी काढून ठेवला होता, मीच तो परत घरात आणला.