व्हीपीएन जोडल्यावर सर्व्हर आयपी पत्त्याने उघडतो, नावाने उघडत नाही

नाशिककर:
नमस्कार. घरून काम करताना मी उबुंटू २४.०४ वर टर्मिनलमधून ओपनव्हीपीएन (कार्यालयाच्या नेटवर्कशी खासगी जोडणी करणारा प्रोग्राम) जोडतो. हिशेबाचा सर्व्हर आयपी पत्ता टाकला की लगेच उघडतो, मात्र ‘हिशेब.कचेरी.इंटरनल’ हे नाव टाकले की असे नाव सापडत नसल्याचा संदेश येतो. कार्यालयाच्या १०.८.०.१ या डीएनएस सर्व्हरला (नावावरून आयपी पत्ता सांगणाऱ्या) डिग ही आज्ञा वापरून थेट विचारले, तर तो बरोबर पत्ता सांगतो. कोणत्या डीएनएस सर्व्हरला विचारायचे हे सांगणाऱ्या रिझॉल्व्ह.कॉन्फ या फाइलमध्ये घरच्या राउटरच्या, म्हणजे १९२.१६८.१.१ च्या, खाली मी त्याचीही ओळ लिहून पाहिली, पण फरक पडला नाही. चूक नेमकी कुठे होत असावी?

रात्रपाळी:
डिगला उत्तर मिळते, त्या अर्थी व्हीपीएन आणि कार्यालयाचा सर्व्हर दोन्ही ठीक आहेत. पहिल्या सर्व्हरला नाव ठाऊक नसेल तर दुसऱ्याला विचारले जाईल, हा समज पुष्कळांचा असतो, माझाही होता. प्रत्यक्षात राउटरकडून आलेले ‘असे नाव नाही’ हे उत्तरच धरले जाते आणि शोध तिथेच थांबतो. दुसऱ्याची पाळी येते ती पहिला गप्प राहिला किंवा त्याने स्वतःचा बिघाड वा नकार कळवला तरच. ओळींचा क्रम उलटा करण्याचा मोह मात्र टाळावा, कारण मग व्हीपीएन बंद असताना प्रत्येक नावासाठी ५ सेकंद ताटकळत बसावे लागेल.

फाइलमधील दोन्ही ओळी काढून पूर्वीचा १२७.०.०.५३ हा पत्ता, म्हणजे संगणकातल्याच सिस्टमडी-रिझॉल्व्हड या नावे शोधणाऱ्या सेवेचा, परत येऊ द्यावा. त्यानंतर त्या सेवेच्या रिझॉल्व्हसीटीएल या साधनाच्या ‘डीएनएस’ आज्ञेने व्हीपीएनच्या टन० या इंटरफेसला १०.८.०.१ जोडावा आणि ‘डोमेन’ आज्ञेने त्याच इंटरफेसला ‘~कचेरी.इंटरनल’ द्यावे. सुरुवातीचे ते नागमोडी चिन्ह विसरू नये. या डोमेनची नावे इकडे विचारावीत, एवढाच त्याचा अर्थ आहे.

तारवाला:
वरील उपाय बरोबर आहे, पण जोडणी तुटली की तो पुसला जातो. कार्यालयाचा व्हीपीएन सर्व्हर डीएनएसचा पत्ता बहुधा पाठवत असेलच. तुमच्या आवृत्तीतील ओपनव्हीपीएन तो स्वतः लागू करत नाही, केवळ स्क्रिप्टच्या हाती देतो. त्यासाठी ‘ओपनव्हीपीएन-सिस्टमडी-रिझॉल्व्हड’ हे पॅकेज बसवून क्लायंटच्या कॉन्फिग फाइलमध्ये त्यातील स्क्रिप्टच्या ‘अप’ आणि ‘डाउन’ अशा दोन्ही ओळी घालाव्यात, आणि स्क्रिप्ट चालवू देणारी ‘स्क्रिप्ट-सिक्युरिटी २’ ही ओळही ठेवावी.

नाशिककर:
दोघांचेही आभार. पिंग आता नावाने चालते, परंतु फायरफॉक्समध्ये जुनाच संदेश दिसतो.

तारवाला:
फायरफॉक्सच्या गोपनीयता सेटिंगमध्ये ‘डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस’ (नावे परस्पर बाहेरच्या डीएनएस सर्व्हरला सुरक्षितपणे विचारण्याची सोय) कमाल संरक्षणावर आहे का, ते पाहावे. तसे असल्यास तो संगणकाच्या डीएनएसकडे ढुंकूनही पाहत नाही. तिथल्या अपवादांच्या यादीत ‘कचेरी.इंटरनल’ घालावे.

नाशिककर:
तेच होते. अपवाद घातल्यावर सर्व्हर नावाने उघडला.