मदत हवी आहे: ‘लायन्स शेअर’ हलवता येत नव्हतं का?

लास वेगासच्या एमजीएम ग्रँड कॅसिनोमध्ये 1993 पासून असलेल्या ‘लायन्स शेअर’ या डॉलर स्लॉट मशीनचा मोठा जॅकपॉट ऑगस्ट 2014 पर्यंत कुणालाच लागला नव्हता. शेवटी लागला तो 24 लाख डॉलरचा. तोवर लोक मशीनपुढे रांगा लावायचे, ‘आता लागणारच’ म्हणून. (प्रत्येक फेरी स्वतंत्र असते, हे ठाऊक आहे, तो वाद नको.)

आख्यायिका अशी, की जॅकपॉट लागेपर्यंत कॅसिनोला मशीन काढताच येत नाही. लास वेगास ज्या राज्यात आहे, त्या नेवाडाचे जुगाराचे (गेमिंग) नियम चाळले. त्यात साठलेली रक्कम दुसऱ्या प्रोग्रेसिव्हकडे (खेळींगणिक जॅकपॉट वाढत जाणाऱ्या मशीनकडे) वळवायची मुभा दिसते. मग एकट्या, कुठल्याही नेटवर्कला न जोडलेल्या मशीनला ही मुभा 2014 पूर्वीही लागू होती का? ऑनलाइन स्लॉटबद्दल विचारत नाहीये.