लोकनृत्य स्पर्धेत उतरवावे का?

वाडाकर (चर्चाप्रस्तावक):
विद्यापीठांच्या युवक महोत्सवांत लोकनृत्याला सहसा दहा मिनिटे मिळतात, आणि संघाने प्रेक्षकांकडे तोंड करून नाचायचे असते हे तिथे कोणाला सांगावेही लागत नाही. माझा आक्षेप या दुसऱ्या, न लिहिलेल्या नियमाला अधिक आहे. पालघर जिल्ह्यात जव्हार, डहाणू, विक्रमगड या भागांत भाताच्या कापणीच्या हंगामात वारली समाजाचा तारपा नाच रात्री उशिरापर्यंत चालतो. वाळवलेला भोपळा, बांबू आणि ताडाचे पान यांपासून केलेले तारपा हे वाद्य वाजवणारा मधोमध असतो, एकमेकांच्या कमरेला हात घातलेली रांग त्याच्याभोवती फिरते, आणि तारप्याकडे पाठ करायची नाही ही त्या नाचाची मर्यादा मानली जाते. सूर बदलला की पावले बदलतात. म्हणजे नाच केव्हा वळवायचा हे वाजवणाराच ठरवतो. रंगमंचावर मात्र ही रांग सरळ होते, तारपा कोपऱ्यात जातो किंवा ध्वनिमुद्रणातून ऐकू येतो, आणि नाचणाऱ्यांची पाठ नेमकी त्याच्याकडेच होते. पोशाख राहतो, पावलेही राहतात, पण कोणाभोवती नाचायचे तेच उरत नाही. म्हणून स्पर्धांतून लोकनृत्य वगळावे, असे माझे मत आहे.

पाचवापाट:
आपले वर्णन मान्य आहे, निष्कर्ष मान्य नाही. आज आपण ज्याला भांगडा म्हणून ओळखतो, तो मुळात स्यालकोट, गुजराँवाला, गुरदासपूर या पट्ट्यातील वैशाखीच्या सुमाराचा नाच होता आणि फाळणीने त्यातील बराच मुलूख पाकिस्तानात गेला. 1950 च्या दशकात पतियाळाच्या महाराजांच्या प्रोत्साहनाने सुनामच्या कलावंतांनी व महाविद्यालयीन तरुणांनी त्यात झूमर, लुड्डी या दुसऱ्या नाचांची पावले मिसळून तो दिल्लीच्या प्रजासत्ताक दिनासाठी उभा केला, आणि तोच पुढे पंजाबची ओळख ठरला. राजस्थानातील कालबेलिया या गारुडी समाजाचे तर पोटच अडले होते. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर साप खेळवणे बेकायदा ठरले, आणि या समाजातील कित्येक कुटुंबांना पुढे मंचावरच्या नृत्याने हात दिला. 2010 मध्ये युनेस्कोने त्यांच्या गाण्यांना व नृत्यांना मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले, आणि 2016 मध्ये त्यांच्यातील नर्तकी गुलाबो सपेरा यांना पद्मश्री मिळाली. मंच नसता, तर यांपैकी किती शिल्लक राहिले असते? शुद्धतेची काळजी ज्यांची चूल मंचावर अवलंबून नाही त्यांनाच अधिक असते, असे माझे निरीक्षण आहे. ते कडवट वाटल्यास क्षमस्व.

सत्तरीचो:
मी वाडाकरांच्या बाजूचा आहे, पण माझे कारण वेगळे आहे. गोव्यात शिगम्याची, म्हणजे होळीच्या सुमाराच्या उत्सवाची, सुरुवात मांडावर नमन गाऊन होते, आणि मांड ही गावाची पवित्र जागा असते. घोडेमोडणी करणारे कमरेला लाकडी घोडा बांधतात, तेव्हा त्यामागे ग्रामदैवताचा मान असतो. पणजीच्या मिरवणुकीत तीच घोडेमोडणी चित्ररथांच्या रांगेत येते आणि पाहणाऱ्याला ती वेशभूषा वाटते. केरळमध्येही तेय्यम हा देवतेचा विधी-नाच मंचावर आणण्यास त्या समाजांतून विरोध झाला आहे, कारण वेश चढल्यावर तो माणूस भक्तांच्या लेखी देव असतो. देवाला गुण कोण देणार?

चाकरमानी:
या वादात मंच आणि परीक्षक यांची गल्लत होत आहे, असे मला वाटते. आमच्या रत्नागिरीकडचा जाखडी हा नाच गणपतीत अंगणात होतो. गिरण्यांत कामाला आलेल्या आमच्या लोकांनी तो मुंबईत आणला, आणि परळच्या दामोदर नाट्यगृहात शक्ती-तुऱ्याचे, म्हणजे जाखडीच्या दोन प्रतिस्पर्धी पक्षांतले सवाल-जवाबाचे, सामने वर्षानुवर्षे तिकीट लावून रंगले. तिथे पडदा होता, दिवे होते, वेळेचे बंधनही होते. मात्र समोरच्या शाहिराने घातलेला सवाल पेलला की चुकवला, हे पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत सर्वांना कळत असे. त्यामुळे मंचाने जाखडीचे काही बिघडवले नाही. परक्या परीक्षकाने वेशभूषेला इतके आणि रचनेला इतके असे गुण वाटायला घेतले, की नाच गुणांप्रमाणे वळतो.

वाडाकर:
चाकरमान्यांचा दाखला माझ्या म्हणण्याच्या विरोधात जात नाही, कारण दामोदरचा प्रेक्षक जाखडीतलाच होता. पाचवापाट यांनी दिलेल्या दोन्ही उदाहरणांतही बदल करणारे हात त्या परंपरेच्या घरचे होते. युवक महोत्सवात मात्र बारा दिवसांच्या शिबिरात नृत्यदिग्दर्शक एका संघाला तारपा आणि दुसऱ्याला धनगरांचा गजा नाच शिकवतो, आणि बिरोबाच्या यात्रेत ढोलाच्या गजरात गजा कसा घुमतो हे नाचणाऱ्यांपैकी कोणी पाहिलेले नसते.

पाचवापाट:
मग लोकनृत्य स्पर्धांतून वगळण्यापेक्षा नियम बदलून घ्यावेत. ध्वनिमुद्रण नाकारावे, तारपकरी गावातून मानधन देऊन आणावा, तो मधोमध उभा राहिला म्हणून रचनेचे गुण कापू नयेत, आणि परीक्षकांत त्या समाजातील एक जाणकार असावा. जव्हारच्या महाविद्यालयात शिकणाऱ्या वारली मुलाला आपला नाच साऱ्या विद्यापीठासमोर करण्याची संधी मिळते, तीही आपण काढून घेणार आहात का?

वाडाकर:
या चारही अटी मला मान्य आहेत. दहा मिनिटांची अट मात्र तशीच राहिली, तर मधोमध उभा राहूनही तारपकऱ्याला सूर केव्हा बदलायचा हे घड्याळाकडे पाहूनच ठरवावे लागेल, आणि त्यावर आपण अजून काहीच सुचवलेले नाही.